भाषा तुम्ही शिकवाल, कागदांचं काय?

प्रति,
बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याच्या उपक्रमाशी संबंधित सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन

विषय : जर्मनीत पोहोचल्यानंतरच्या कागदपत्रांची जबाबदारी कोणाची, हे माणसं पाठवण्याआधी ठरवण्याबाबत

महोदय / महोदया,

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. प्रायोगिक तत्त्वावर १०,००० कुशल तरुण-तरुणी पाठवायच्या आणि त्यांना जर्मन शिकवण्याची जबाबदारी शासनाने घ्यायची, असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारनेही भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. मी बाडेन-व्युर्टेमबर्गमध्येच नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी नव्याने आलेली आपली मुलं-मुली सरकारी पत्रांची फाईल काखेत मारून घरी येतात. ती पत्रं वाचून दाखवणं, त्यांना उत्तरं लिहून देणं हा माझा बरीच वर्षं चाललेला बिनपगारी उद्योग आहे. त्या फायलींत जे पाहिलं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

योजनेला माझा विरोध नाही. इथे खरंच माणसं हवी आहेत आणि आपल्याकडची मुलं कामाला वाघ आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. इथल्या कार्यालयांत उशीर होतो तो कार्यालयाचा असतो, पण त्याची किंमत परदेशी माणूस एकटा भरतो. आजवर जे आले ते आपापल्या हिमतीवर आले आणि त्यांनी ती निमूटपणे भरली. आता मात्र पाठवणारं एक शासन आहे, बोलावणारंही एक शासन आहे. दोन शासनांच्या मध्ये उभ्या असलेल्या पोराने ही किंमत का भरायची?

नेमकं काय होतं ते सांगते, कारण भाषेच्या वर्गात हे कोणी सांगत नाही.

उतरल्यावर पहिलं काम पत्ता नोंदवण्याचं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन नोंद करायची असा कायदा आहे, आणि २०१५ पासून त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद द्यायला घरमालक कायद्याने बांधील आहे. पण नवा माणूस बहुतेकदा पोटभाडेकरू म्हणून किंवा महिना-दोन महिन्यांच्या तात्पुरत्या खोलीत उतरतो, आणि अशा खोल्यांच्या जाहिरातीतच 'पत्ता नोंदवता येणार नाही' असं लिहिलेलं सापडतं. पत्ता नोंदवला नाही तर कराचा क्रमांक येत नाही. तो आला नाही तर पगारातून कर चढ्या दराने कापला जाण्याची वेळ येते. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळतात हे खरं. पण घराची अनामत, जी मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते, ती सुरुवातीच्या महिन्यांतच मोजावी लागते.

कराचा हा अकरा आकडी क्रमांक टपालानेच घरी येतो. आणि टपाल येण्यासाठी पेटीवर तुमचं नाव असावं लागतं. आपल्यासारखे फ्लॅटचे नंबर इथे सहसा नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, जुळलं तर पत्र टाकतो, नाही तर माघारी पाठवतो. एका मुलाची फाईल बघताना हा क्रमांक कुठेच दिसेना, म्हणून त्याच्या घरी गेले. चौघं एकत्र राहत होते. पेटीवर आधीच्या कुठल्या तरी भाडेकरूचं नाव, त्यावर कोणीतरी अर्धवट खरवडलेलं दुसरं, आणि या चौघांपैकी एकाचंही नाही. कागदाची पट्टी कापली, चौघांची आडनावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे लिहिली आणि चिकटपट्टीने लावून टाकली. काम दोन मिनिटांचं. पण तोवर कर खात्याचं पत्र परत गेलेलं होतं, त्यामुळे पुन्हा अर्ज, पुन्हा टपाल, पुन्हा वाट. जर्मन भाषेच्या बी-१ परीक्षेत टपालपेटीवर प्रश्न येत नाही, नाही तर कोणीतरी शिकवलं असतं.

(एक पत्र मात्र पेटीवर नाव असलं की न चुकता येतं. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. आपली मुलं त्याला फसवणूक समजून फाडून टाकतात आणि मग दंडासकट दुसरं पत्र येतं. चौघं एका घरात असतील तर एकानेच भरायचं असतं, एवढं जरी आधी सांगितलंत तरी पुष्कळ.)

इथवरचं सगळं कटकटीचं असलं तरी निभतं. खरी परीक्षा परवान्याची.

येताना पासपोर्टवर व्हिसा असतो. त्याची मुदत संपण्याआधी इथल्या आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा. मंजुरी मिळाली की बोटांचे ठसे घेतात आणि काही आठवड्यांनी बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून चिपचं कार्ड छापून येतं. परवान्याची मुदत संपत आली की पुन्हा हेच. आणि पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा परवाना मिळत नाही. म्हणजे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर परवानाही तेवढाच. तेव्हा मुलांना विमानात बसवण्याआधी पासपोर्ट नवे करून घ्या. तिथे ते तुलनेने सोपं आहे. इथे त्यासाठी म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची प्रक्रिया करावी लागते, आणि एवढं करून परवान्याचा फेरा पुन्हा आहेच.

कायदा या बाबतीत परदेशी माणसाच्या बाजूने आहे, हे आधी सांगायला हवं. रहिवास कायद्याचं ८१ वं कलम म्हणतं की मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं मानायचं. तसा दाखलाही मिळतो. त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, शुल्क १३ युरो. हे नाव उच्चारायला जमलं नाही तरी चालेल, पण कागद ओळखता आला पाहिजे. त्यावर चौकटी असतात आणि फुली कुठल्या चौकटीत आहे यावर सगळं अवलंबून असतं. चौथ्या उपकलमाच्या चौकटीत फुली असेल तर जुन्या परवान्याचे हक्क, नोकरीसकट, जसेच्या तसे चालू राहतात आणि मायदेशी जाऊन परतही येता येतं. तिसऱ्या उपकलमाच्या चौकटीत असेल तर गोष्ट वेगळी. मी तरी फुली बघितल्याशिवाय कोणाला तिकीट काढू देत नाही.

अडचण अशी, की कायदा पुस्तकात असतो आणि मालकाला कागद लागतो. परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकाला जबर दंड होऊ शकतो. म्हणून कंपन्या प्रत्येकाच्या कार्डाची प्रत ठेवतात, मुदतीवर नजर ठेवतात.

एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारी आपली मुलगी आहे. तिने परवाना संपायच्या कितीतरी आधी ऑनलाइन अर्ज केला. लगेच आपोआप उत्तर आलं : अर्ज मिळाला, कृपया चौकशी करू नये, चौकशीमुळे कामाला विलंब होतो. तिने बिचारीने चौकशी केली नाही. मुदत जवळ आली तसे फोन सुरू केले. कार्यालयाची फोनची वेळ सकाळची, तिची ड्यूटीही सकाळची. सहकाऱ्यांना सांगून जिन्यात उभी राहायची, घंटी वाजत राहायची, मग आपोआप बंद व्हायची. अपॉइंटमेंटच्या पोर्टलवर 'सध्या एकही वेळ उपलब्ध नाही' याखेरीज काही दिसत नव्हतं. मुदत संपली त्या दिवशी मनुष्यबळ विभागाने तिला बोलावलं. तिने अर्जाची पोच आणि कलम ८१ ची छापील प्रत पुढे ठेवली, ओळी पिवळ्या पेनने रंगवलेल्या. समोरच्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मला पटतंय. पण माझ्या फाईलला हे चालणार नाही." दाखला येईपर्यंत घरी थांबा, बिनपगारी.

शेवटी कामी आलं ते जुनं हत्यार. रुग्णालयाकडून 'या कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीमुळे कामाचा खोळंबा होतो आहे' असं पत्र घेतलं, तिच्या प्रकरणाचा क्रमांक सगळ्यांत वर ठळक लिहिला, कलमाचा उल्लेख करून शुद्ध सरकारी जर्मनमध्ये तीन परिच्छेद लिहिले आणि रजिस्टर टपालाने पाठवून दिले. दाखला आला, फुलीही बरोबर चौकटीत होती. मधल्या काळात बुडालेला पगार मात्र कोणी दिला नाही. मालक म्हणाला कार्यालयाचा दोष, कार्यालयाने दोषाबद्दल काही लिहिलंच नाही. अर्ज वेळेत करणारी होती ती एकटी, आणि पैसे गेले तेही तिचेच.

हीच गोष्ट तुमच्या १०,००० मधल्या किती जणांच्या वाट्याला येईल ते मला सांगता येणार नाही. येणार नाही असं समजून चालू नका, एवढंच.

कार्यालयातली माणसं दुष्ट आहेत असं मात्र मुळीच नाही. खिडकीपलीकडची बाई बहुतेकदा आपल्याइतकीच थकलेली असते. कायदा सगळ्या देशाला एक, पण तो राबवणारी कार्यालयं पाचशेहून अधिक, आणि ती शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या ताब्यात. कुठे किती माणसं नेमायची, अर्ज ऑनलाइन घ्यायचा की कागदावर, हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक आले, त्यांचे कागदही याच टेबलांवर आले. सरकारी सेवा ऑनलाइन आणण्याचा कायदा जर्मनीने २०१७ मध्ये केला, मुदत २०२२ अखेरची ठेवली, आणि ती सपशेल हुकली. परदेशी माणसाला मुदत चुकवण्याची मुभा नसते, त्यामुळे हे वाचून आमच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर हसू येतं, पण तो विषय वेगळा.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. एका जिल्ह्यात जे काम काही आठवड्यांत होतं, त्यालाच शेजारच्या जिल्ह्यात कित्येक महिने लागतात. दोन्ही बाडेन-व्युर्टेमबर्गमध्येच. मुलाची नेमणूक नदीच्या अलीकडे झाली की पलीकडे, यावर त्याची पुढची दोन वर्षं ठरतात. म्हणून इथल्या राज्य सरकारशी बोलताना 'राज्या'शी बोलून थांबू नका. कोणत्या जिल्ह्यांत माणसं जाणार आहेत ते विचारा आणि त्या त्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडून लेखी घ्या, की या उपक्रमातल्या माणसांचे अर्ज कोण बघेल आणि परवाना संपायच्या आत दाखला मिळेल की नाही. मालकांकडूनही लेखी घ्या : वेळेत अर्ज केला असेल आणि कार्यालयाचा उशीर असेल, तर माणसाला बिनपगारी घरी बसवणार नाही, निदान त्या काळाचा काही पगार देऊ. माणसं मिळत नाहीत म्हणून ते तुमच्या दारात आलेले आहेत. नोकरीच्या करारावर सही होण्याआधी तुमच्या हातात जेवढी ताकद आहे, तेवढी त्या मुलीच्या हातात कधीच नव्हती.

जर्मन प्रशासनाची भाषा जर्मन आहे, असं इथल्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याच्या २३ व्या कलमात साध्या शब्दांत लिहिलेलं आहे. अधिकाऱ्याला इंग्रजी येत असलं तरी तो पत्र जर्मनमध्येच लिहिणार. त्यात उद्धटपणा नाही. पण वर्गात 'माझा आवडता छंद' वर आठ वाक्यं लिहायला शिकलेला मुलगा असं पत्र उघडतो तेव्हा त्याला दिसतं काय? एका वाक्यात तीन कलमं, क्रियापद ओळ संपता संपता, आणि कुठेतरी मध्येच एक तारीख. त्या पत्रात त्याच्या कामाची गोष्ट ती तारीखच. वर्गात शेवटचा महिनाभर फक्त अशी पत्रं वाचायला द्या. तारीख शोधायची, कार्यालयाने काय मागितलं आहे ते शोधायचं, प्रकरण क्रमांक शोधायचा. आणि उत्तर लिहायला शिकवा, तेही लेखी. इथे फोनवर झालेलं बोलणं कोणाला आठवत नाही. कागदाची मात्र पोच असते. बऱ्याच कार्यालयांत फॅक्स अजून जिवंत आहे आणि त्याची पावती अजून मानली जाते, हे ऐकून मुलं हसतात. हसू द्या, पण नंबर टिपून घ्यायला सांगा.

आता एक गोष्ट जी सर्वस्वी तुमच्या हातात आहे, जर्मनांच्या नाही. नावं.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र 'दिलेलं नाव' या रकान्यात, आडनाव निराळं. नर्सिंगच्या नोंदणीवर लग्नाआधीचं नाव, अनुभवाच्या दाखल्यावर लग्नानंतरचं, त्यात मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. इथल्या टेबलावर मात्र ती तीन वेगवेगळी माणसं असतात. नर्सिंगच्या पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे सिद्ध करण्यात एकीच्या शिक्षणाची मान्यता महिनोन्महिने अडकलेली मी पाहिली आहे. प्रतिज्ञापत्र दिलं तर ते कोणासमोर केलं, राजपत्रातली प्रत दिली तर तिचं भाषांतर कुठे, असे प्रश्न येत राहिले.

शासनाने निवड झालेल्या प्रत्येकाला एक पानी अधिकृत दाखला द्यावा. या या कागदांवरची ही ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, महाराष्ट्रात नावं लिहिण्याची पद्धत अशी असते, आणि शेजारी जर्मन भाषांतर. सही अशा अधिकाऱ्याची, ज्याला इथून ईमेल केला तर उत्तर येईल. याला ना नवा कायदा लागतो ना अनुदान.

तसंच शिक्षणाच्या मान्यतेचं. इथे परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळा सहायक यांच्या शिक्षणाची जर्मन शिक्षणाशी तुलना करून निर्णय दिला जातो. उद्योगातल्या बऱ्याच व्यवसायांसाठी ते न्युर्नबर्गच्या इहका फोझा या संस्थेकडे, कारागिरीच्या व्यवसायांसाठी कारागीर मंडळांकडे, आरोग्यसेवेसाठी राज्याच्या यंत्रणेकडे. तुलनेसाठी प्रमाणपत्र पुरत नाही. किती तास सिद्धान्त, किती तास प्रात्यक्षिक, कोणत्या विषयात काय शिकवलं, हे सगळं लागतं, आणि तेही अधिकृत भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये. आज प्रत्येक मुलगा आपल्या आयटीआयमध्ये हेलपाटे घालून अभ्यासक्रमाची प्रत मिळवतो आणि पदरचे पैसे मोजून भाषांतर करून घेतो. शेजारच्या बाकावर बसलेला त्याचा मित्रही त्याच अभ्यासक्रमाचं तेच भाषांतर पुन्हा विकत घेतो. अभ्यासक्रम तुमचे, संस्था तुमच्या. प्रत्येक ट्रेडचं भाषांतर शासनाने एकदा करून घ्यावं, इथल्या संस्थांना एकदा दाखवून घ्यावं आणि सगळ्यांना द्यावं.

परिचारिकांना बहुधा 'शिक्षण पूर्णपणे समकक्ष नाही' असा निर्णय येतो. मग पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोवर काम सहायकाचं आणि पगारही सहायकाचाच. मार्च २०२४ पासून सुधारलेला कायदा लागू झाला. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि ए-२ पातळीची जर्मन असेल तर इथे येऊन, काम करता करता मान्यतेची प्रक्रिया पुरी करण्याची वाट उघडली आहे. वाट चांगली आहे, पण त्या काळात पगार किती मिळणार हे मुलीला निघण्याआधी युरोत, हातात येणाऱ्या आकड्यात कळलं पाहिजे. करारातला पगार आणि कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन कापून खात्यात पडणारा पगार यात इथे मोठी दरी असते.

चालकांबद्दल थोडक्यात. भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, आणि बस किंवा ट्रक चालवायचा तर व्यावसायिक पात्रता वेगळी. चालक म्हणून पाठवत असाल तर या परीक्षांचा खर्च आणि तोवरचा पगार कोणाकडे, हे कागदावर दिसू द्या.

अपोस्टिलच्या, म्हणजे आपला सरकारी कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या शिक्क्याच्या, नावाने चाललेला धंदाही बघा. भारत २००५ मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत नोंदवली. त्यामुळे जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का मारून आणला तरी इथलं विवाह नोंदणी कार्यालय त्यावर थांबत नाही. कागदाची वेगळी पडताळणी मागू शकतं. तरीही 'जर्मनीसाठी अपोस्टिल अनिवार्य' असं सांगून एजंट पैसे घेतात. कोणता कागद लागतो आणि कोणता नाही, याची यादी शासनाच्या शिक्क्याने निघाली तर अर्धे एजंट घरी बसतील.

आणि नोकरी गेली तर? हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. पहिले सहा महिने साधारणपणे परिवीक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कामावरून काढता येतं. परवाना नोकरीशी बांधलेला. नोकरी मुदतीआधी संपल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणं कामगारावर बंधनकारक आहे. घाबरलेली मुलं नेमकं तेच करत नाहीत. कळवलं तर हाकलून देतील अशी भीती असते. खरं तर कळवलं तर कार्यालय नवी नोकरी शोधायला सहसा काही महिने देतं, लपवलं तर तेच अंगलट येतं. परदेशी कामगारांना मोफत सल्ला देणारी 'फेअर इंटिग्रेशन' नावाची केंद्रं इथे आहेत. १ जानेवारी २०२६ पासून परदेशातून बोलावलेल्या कामगाराला अशा सल्ल्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं आहे. मालक ती माहिती देईल, करारासोबतच्या कागदांच्या गठ्ठ्यात. तुम्ही ती मराठीत, निघण्याआधी, तोंडी द्या.

कार्यालय ढिम्म हललंच नाही तर त्यावरही कायद्यात उपाय आहे. अर्ज करून तीन महिने उलटले आणि सबळ कारणाशिवाय निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा लावता येतो. अनेकदा तशा आशयाचं वकिलाचं पत्र गेलं तरी फाईल हलते. पण वकिलाची फी आणि 'सरकारवर केस' या शब्दांची धास्ती यांमुळे आपलं माणूस त्या वाटेला जात नाही. इथे शासनाने एक छोटा निधी ठेवावा आणि या राज्यातला एक स्थलांतर कायद्याचा वकील कायमचा बांधून घ्यावा. दहा हजार माणसांमागे एक वकील ही काही उधळपट्टी नव्हे.

शेवटची विनंती. पुढची तुकडी निघण्याआधी एक मदत कक्ष उभा करा, आणि तो मुंबईत नको, श्टुटगार्टमध्ये हवा. मुंबईतला फोन इथल्या वेळेनुसार दुपारी बंद झालेला असतो. त्या कक्षात मराठी आणि सरकारी जर्मन दोन्ही येणारं एक माणूस पुरे, पण कोणत्या जिल्ह्यात किती जणांचे परवाने कधी संपतात याची यादी त्याच्याकडे हवी, आणि तीन महिने आधी फोन त्याने करायचा, मुलाने नाही.

या कक्षासाठी किंवा भाषेच्या वर्गासाठी उपयोगी पडतील म्हणून मी माझ्याकडच्या सरकारी पत्रांचे नमुने आणि त्यांना दिलेली उत्तरं, नावं-पत्ते खोडून, ज्यांची ती आहेत त्यांच्या परवानगीने जमवून ठेवली आहेत. पत्ता नोंदणीपासून परवान्याच्या मुदतवाढीपर्यंत बहुतेक प्रकार त्यात आहेत. कोणाच्या नावे पाठवायचे, तेवढं कळवावं.

आपली,
बाडेन-व्युर्टेमबर्गमधली एक मराठी नोकरदार